गाडीची चमक गेली? आधी रोग ओळखा, मग औषध करा

खळ्यावर उभ्या असलेल्या गाडीकडे एकदा नीट पाहा. दारे अजून ठीक दिसतात, पण बॉनेट आणि टप पांढुरके, निस्तेज झालेले असतात. विकायला काढली की गिऱ्हाईक पहिले बोट तिथेच ठेवते, "गाडी लईच उन्हात राहिली की हो!" इंजिन धडधाकट असले तरी भाव तिथेच पडतो. मग कोणी रॉकेल-डिझेलच्या बोळ्याने गाडी पुसतो, तर कोणी सगळी गाडी रंगवायला टाकतो. रॉकेलची चमक दोन दिवसांची, आणि सगळी गाडी रंगवण्याची गरज बहुधा नसते.

हे होते कशाने?

जुन्या अ‍ॅम्बॅसेडर-फियाटला एकाच थराचा रंग असे. आजच्या बहुतेक गाड्यांना रंगावर पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे तुमच्या हातातल्या या वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ. उन्हातील अतिनील किरण त्याला हळूहळू खातात. टप आणि बॉनेटवर ऊन थेट पडते, म्हणून तेच आधी जातात. पाखरांची विष्ठा, झाडाचा चीक, बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे डाग आणि कोरड्या फडक्याने धूळ पुसण्याची सवय त्यात भर घालतात.

रोगाची परीक्षा

गाडी धुऊन वाळवा आणि खराब जागेवरून नख फिरवा. नख कुठे अडकले नाही, नुसते धुरकट दिसते, तर थर शाबूत आहे. हे काम घरी होईल. साप कात टाकतो तसे पापुद्रे निघत असतील, नख कडेला अडकत असेल, तर थर गेला. तिथे पॉलिश कितीही घासा, उपयोग नाही.

आणखी एक खूण. दिसणार नाही अशा जागी थोडे रबिंग कंपाउंड घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर एकाच थराचा रंग आहे किंवा क्लिअर कोट संपला आहे.

थर शाबूत असेल तर

काम सावलीत, पत्रा गार असताना करावे. गाडी भरपूर पाण्याने धुवावी, कारण राहिलेला एक खडा सगळीकडे ओरखडे पाडतो. आधी नुसते कंपाउंड मऊ फडक्याने वीतभर जागेवर लावून पाहावे. भागले तर पुढे जाऊ नये. नाही भागले तर २००० नंबरचा वॉटर पेपर पंधरा मिनिटे पाण्यात भिजवून, साबणाच्या पाण्यासोबत हलक्या हाताने, सरळ रेषेत फिरवावा. निघणारे पाणी दुधाळ असेल तोवर ठीक. रंग दिसला की तिथेच थांबा. कडा आणि उंचवट्यांवर थर आणखी पातळ असतो, म्हणून तिथे आधी चिकटपट्टी लावावी. नंतर कंपाउंड, मग पॉलिश, शेवटी मेण.

पापुद्रे निघाले असतील तर

सुटलेला थर घासून काढून, कडा सपाट करून, नवा थर मारावा लागतो. मधेच ठिगळ मारले तर जोड दिसतो आणि पुन्हा सुटतो. म्हणून पूर्ण बॉनेट किंवा पूर्ण टपच करावा. लहान जागेसाठी डब्यातला तयार स्प्रे चालतो, पण तो हार्डनर घातलेल्या लॅकरइतका टिकत नाही.

आणि इथेच सांभाळा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे रसायन असते. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही धाप लागते. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. औषध वेगळे असले तरी धडा तोच आहे. हार्डनरचे काम घरी, पडवीत, पोराबाळांजवळ करू नका. साधने असलेल्या पेंटरकडून तेवढाच भाग करून घ्या. साधा स्प्रे मारतानाही जागा मोकळी हवी. चूल, विडी लांब ठेवा.

पुढची काळजी

गाडी शेडखाली ठेवा. ताडपत्री धुळीच्या गाडीवर ओढू नका, तीच घासते. विष्ठा दिसताच पाण्याने भिजवून काढा, कपड्यांची पावडर वापरू नका आणि दर दोन-तीन महिन्यांनी मेण लावा.

उरलेला थर जपला तर गाडी आणखी काही वर्षे तोंड वर करून उभी राहील. म्हणून घासायला बसण्याआधी नख फिरवून पाहा.