अर्ध्या अंशाचा हिशेब

'काय, काही विशेष?' हा प्रश्न विचारायला आपल्याकडे कुणाची परवानगी लागत नाही. लग्नाला वर्ष झालं की शेजारच्या काकू विचारतात, दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी मुंजीत भेटलेली मावससासू विचारते आणि तिसऱ्या वर्षापासून कुणी विचारेनासं होतं. नुसतं पोटाकडे बघतात. या प्रश्नाचं उत्तर शोधत दवाखान्याची पायरी चढलेल्या बाईच्या हाती वर्षानुवर्षं एक साधीशी वस्तू दिली गेली. थर्मामीटर. रोज पहाटे अंथरुणातून उठण्यापूर्वी तो जिभेखाली धरायचा, आकडा आलेखाच्या कागदावर ठिपक्यानं मांडायचा आणि महिनाअखेर त्या ठिपक्यांतून काय निघतं ते पाहायचं. हा उद्योग मी १९९३-९४ मध्ये सलग चौदा महिने केला आहे. त्यामुळे त्यावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, असं मी समजते.

मुळात फरक असतो तो किती? फॅरनहाइटच्या मापात जेमतेम अर्ध्या अंशाचा. पाळी सुरू झाल्यापासून स्त्रीबीज सुटेपर्यंत पहाटेचं तापमान साधारण ९७ ते ९७.५च्या आसपास घुटमळतं. बीज सुटलं की ज्या पुटीतून ते बाहेर पडलं, तिचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करू लागतो. हे संप्रेरक मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या केंद्रावर काम करतं आणि शरीर अर्धा अंश वर स्थिरावतं. ते बारा-चौदा दिवस तसंच राहतं. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड सुकतो, पारा उतरतो आणि पाळी येते. राहिला, तर पारा उतरतच नाही. पाळीची तारीख उलटून गेली तरी वरच. आधीच्या सहा दिवसांपेक्षा वरचढ असे सलग तीन दिवस दिसले, की बीज सुटून गेलं असं मानायचं, असा सर्वसाधारण नियम. कागदावर तो आलेख दोन मजली घरासारखा दिसतो. तळमजला, मग एक पायरी, मग वरचा मजला.

ही गोष्ट पहिल्यांदा कशासाठी मोजली गेली, तो इतिहास मोठा वाचनीय आहे. १८७३ साली हार्वर्डच्या एडवर्ड क्लार्क या डॉक्टरमहाशयांनी एक पुस्तक लिहून मुलींना उच्चशिक्षण झेपत नाही, त्यानं त्यांच्या जननशक्तीवर परिणाम होतो, असं प्रतिपादन केलं. त्यानंतर हार्वर्डनं पाळीच्या दिवसांत स्त्रियांना विश्रांतीची गरज असते का, या विषयावर निबंध मागवले. निबंध निनावी द्यायचे होते. १८७६चं बक्षीस मिळालं ते न्यूयॉर्कच्या डॉ. मेरी पटनम जेकोबी यांना. त्यांनी मतं मांडण्याऐवजी बायकांची नाडी, शक्ती आणि तापमान मोजलं, आकडे मांडले आणि सक्तीच्या विश्रांतीचा मुद्दा निकालात काढला. पाळीच्या चक्राबरोबर तापमानाची लाट वरखाली होते, हे त्यांच्या आकड्यांत दिसून आलं. त्या लाटेचं नातं बीजकोशाशी जोडलं ते विसाव्या शतकाच्या आरंभी व्हॅन द वेल्ड या डच डॉक्टरांनी. म्हणजे बाईला अमुक जमणार नाही, या पुरुषी दाव्याला उत्तर म्हणून हे मोजमाप पुढे आलं. माझ्या आयुष्यात ते कसं उपयोगी पडलं, ते पुढे सांगतेच.

आधी घरातली अडचण सांगू दे. हे मोजमाप करायचं ते किमान तीन-चार तास सलग झोप झाल्यावर, रोज एकाच वेळी, बोलण्यापूर्वी, पाणी पिण्यापूर्वी, कूस बदलून उठण्यापूर्वी. पाठ्यपुस्तकात हे वाचायला सोपं वाटतं. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत पाचजणांच्या संसारात ते कसं करायचं? नळाला पाणी पहाटे पावणेपाचला यायचं आणि पिंपं भरणं माझ्याकडे. मी साडेचारला जागी होऊन अंधारात थर्मामीटर तोंडात धरून पडून राही. पाऱ्याचा असल्यामुळे तो पाच मिनिटं ठेवावा लागे, आणि आदल्या रात्रीच झटकून ठेवावा लागे, कारण पहाटे हात झटकण्याचीसुद्धा मेहनत नको. त्यावर रेघा दोन-दशांशाच्या अंतरानं. दोन रेघांमधला आकडा बॅटरीच्या उजेडात अंदाजानं वाचायचा. सासूबाई त्याच खोलीत झोपत. त्या विचारत, "कणकण आहे का गं?" मी मानेनंच नाही म्हणे. मग पंधरा दिवसांनी त्यांनी विचारणं सोडून दिलं. त्यांना कळलं होतं. कळणार नाही कसं? ज्या घरात चार दिवस बाजूला बसायची पद्धत होती, तिथे माझ्या पाळीचा हिशेब स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारीच असे आणि तो सगळ्या घराला पाठ होता.

सर्दी, जागरण, प्रवास, लग्नघर, यांपैकी काहीही झालं की त्या दिवसाचा ठिपका वाया. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेनं किंवा रात्री चारदा उठून आजारी सासऱ्यांना पाणी देणाऱ्या सुनेनं हा आलेख काढायचाच म्हटलं, तर तो शेअर बाजाराच्या आलेखासारखा निघेल. आता अंगठ्या आणि घड्याळं आली आहेत, ती रात्रभर त्वचेचं तापमान मोजतात आणि सकाळी मोबाइलवर रेघ ओढून देतात. माझी भाची तशी अंगठी वापरते. पिंपं भरण्याची अडचण त्यामुळे सुटली. खरी मेख मात्र सुटलेली नाही.

ती मेख अशी. पारा चढतो तो बीज सुटल्यानंतर. आणि सुटलेलं बीज टिकतं जास्तीत जास्त चोवीस तास. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. १९९५ साली ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मूल हवं असलेल्या २२१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बीज सुटण्याचा दिवस त्यांनी रोजच्या लघवीतल्या संप्रेरकांवरून ठरवला होता. दिवस राहिले ते सगळे बीज सुटण्याचा दिवस धरून आधीच्या सहा दिवसांतल्या संबंधांतून. पाच दिवस आधी ही शक्यता दहा टक्के, प्रत्यक्ष त्या दिवशी तेहतीस टक्के आणि दुसऱ्या दिवसापासून जवळजवळ शून्य. आता हे थर्मामीटरशी ताडून पाहा. पारा वर गेलेला दिसतो, तेव्हा ते सहा दिवस संपलेले असतात. फलाटावरचा इंडिकेटर गाडी निघून गेल्यावर लागावा, तसं हे आहे. म्हणून तर ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं बीज कधी सुटेल हे ओळखण्यासाठी तापमानाचा आलेख वापरू नये, असं आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं. त्याऐवजी दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवावेत, एवढा साधा सल्ला दिला. तारखा बघून नवऱ्याची पाळी बदलून घेणं आणि 'आज उशीर करू नका' असं फोनवर दबक्या आवाजात सांगणं यांतून ज्या घरांनी दिवस काढले, त्यांना या साध्या सल्ल्याची किंमत कळेल. पुढचं सांगणारी खूण हवीच असेल, तर ती अंगावरच असते: अंड्यातल्या पांढऱ्यासारखा पारदर्शक, ताणला जाणारा स्राव दिसू लागला की दिवस जवळ आले. शिवाय लघवीतलं एलएच संप्रेरक दाखवणाऱ्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. त्या बीज सुटण्याच्या साधारण दीड दिवस आधी इशारा देतात.

मग त्या चौदा महिन्यांच्या कागदांचं काय? इथे मी आलेखाची बाजू घेणार आहे. उद्याचं त्याला सांगता येत नाही, पण झालेलं तो बहुतेक वेळा खरं सांगतो. माझ्या प्रत्येक कागदावर दोन मजले स्वच्छ दिसत होते. पायरी कधी चौदाव्या दिवशी, कधी सतराव्या. याचा अर्थ माझं बीज महिन्याच्या महिन्याला सुटत होतं. तोवर माझ्या दोन तपासण्या झाल्या होत्या, एक क्युरेटिंग झालं होतं, तीन उपासतापास आणि एक नवस झाला होता. माझ्या नवऱ्याची एकही तपासणी झालेली नव्हती. आधीच्या डॉक्टरांनी ती सांगितली नव्हती आणि घरात तो शब्दही काढायची सोय नव्हती. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू करून हे विषय मराठीत उघडपणे छापले, त्यासाठी खटले सोसले. त्याला पासष्ट वर्षं उलटून गेली, तरी आमच्या घरात 'वीर्यतपासणी' हा शब्द उच्चारायला कुणी धजत नव्हतं.

मी तो शब्द उच्चारला तो या कागदांच्या आधारावर. एका रविवारी चौदाही कागद जमिनीवर ओळीनं मांडले आणि ह्यांना दाखवले. हे बँकेतले, आकड्यांशी भांडायची सवय नाही. बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे आता माझी पाळी." त्यांना विनोद करायचा नव्हता, पण मला हसू आलं. आठवड्यानं तपासणी झाली. शुक्रजंतूंची संख्या फारच कमी होती. १९८६मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला होता, तेव्हा प्रयोगशाळेतलं मूल ही गोष्ट मुंबईला नवी नव्हती. पण तो खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. १९९७मध्ये दत्तक घेतलेली आमची मुलगी घरी आली. सासूबाईंनी तिची ओळख करून देताना कधी 'दत्तक' हा शब्द वापरला नाही, आणि माझ्याकडे बघून उसासाही टाकला नाही. तपासणीचा निकाल त्यांना मुलानंच सांगितला होता.

मूल न होण्यामागे पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीनं, सुमारे निम्म्या जोडप्यांत असतं. ही तपासणी सोपी, स्वस्त आणि बिनदुखण्याची. तरी आजही ती बाईच्या साऱ्या चाचण्या संपल्यावर शेवटी होते, असं मी कितीतरी घरांत पाहते. अर्थात दोन मजली आलेख म्हणजे बाईत काही दोष नाहीच, असंही नव्हे. गर्भनलिका बंद असल्या तरी पारा ठरल्याप्रमाणे चढतो. उलट काहीजणींचं बीज सुटतं आणि आलेख मात्र सपाट राहतो. म्हणून सपाट कागद पाहून रडत बसण्याऐवजी पाळीच्या आठवडाभर आधी प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी करावी.

एक गोष्ट चीड आणणारी आहे, ती इथेच सांगते. हे कागद मी काढले होते हे कळल्यावर मला आजवर चार-पाच जणींनी विचारलं, की मुलगा व्हायचा असेल तर पायरीच्या कितव्या दिवशी? मनुस्मृतीत सोळा रात्रींचा ऋतुकाल सांगून सम रात्री मुलाच्या, विषम मुलीच्या अशी वाटणी केलेली आहे; तीच आता 'शास्त्रोक्त नियोजन' म्हणून नव्या वेष्टनात विकली जाते. विल्कॉक्स यांच्या अभ्यासात संबंधाचा दिवस आणि बाळाचं लिंग यांचा काही संबंध आढळला नाही. लिंग ठरतं ते शुक्रजंतूवरून. ज्या महाराष्ट्रानं १९८८ साली, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला, तिथे हा प्रश्न मला मोठ्या शिकलेल्या बायका विचारतात. मी उत्तर देत नाही, उठून चहा टाकते.

भाचीनं विचारलं, अंगठी किती दिवस वापरू? मी म्हटलं, तीन-चार महिने पुष्कळ झाले. तेवढ्यात आपलं चक्र कसं आहे, पायरी कितव्या दिवशी येते, पायरीनंतर पाळीपर्यंत किती दिवस जातात हे कळतं. त्याहून जास्त काळ रोज सकाळी उठल्याउठल्या आकडा बघत राहिलं तर तो आकडाच दिवसभर डोक्यात राहतो. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर आणि पस्तिशी उलटली असेल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जावं. पाळी फार अनियमित असेल तर तेवढंही थांबू नये. जाताना कागद न्यावेत, जोडीनं जावं, आणि नाव पुकारलं की दोघांनी आत जावं. बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसलेले नवरे मी अजूनही बघते.