तळ्याखालची जमीन

साकोलीहून लाखांदुराकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या पसरलेल्या दिसतात, आणि त्या बांध्यांच्या वरच्या बाजूला, कोठे टेकडीच्या कुशीत तर कोठे दोन उंचवट्यांच्या मधोमध, मातीची एखादी जुनी पाळ व तिच्यामागे पसरलेले निश्चल पाणी दृष्टीस पडते. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते याच पाण्यामुळे. बदलत्या हवामानात तग धरणाऱ्या शेतीकडे खासगी भांडवल कसे वळवावे, याचा खल अलीकडे जगभर चालतो. उत्पन्न वाढावे, पावसाच्या लहरीचा आघात सोसता यावा आणि वातावरण तापविणारे वायू कमी निघावेत, हे तिहेरी उद्दिष्ट जागतिक अन्न व कृषी संघटनेने 2010 च्या हेग परिषदेपुढे मांडले होते. भंडाऱ्यापुरते पाहिले, तर खासगी भांडवलाने यातील पावसाचा आघात सोसण्याचे काम येथे काही शतकांपूर्वीच मोठ्या प्रमाणावर करून ठेवले आहे.

गोंड राजांच्या अमलाविषयी अशी परंपरा सांगितली जाते की, जो कोणी स्वखर्चाने तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन बहाल होत असे. तलावबांधणीत निष्णात असलेल्या कोहळी समाजाने या बोलावर विश्वास ठेवून पिढ्यान्‌पिढ्या पाळी घातल्या. 1999 मध्ये जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदियाकडे गेलेला नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. तलावाचा खर्च आज करावा लागतो, त्याचे फळ वर्षानुवर्षांनी हाती येते आणि पाणी तर साऱ्या गावाचे होते. अशा कामात शहाणा मनुष्य पैसा घालीत नाही. तरीही तो येथे घातला गेला, कारण फळाचा ठराविक वाटा बांधणाऱ्याच्या पदरी निश्चितपणे पडेल, अशी ग्वाही राज्यसत्तेने आधीच दिलेली होती.

पुढे इंग्रजी अमलात मालगुजारी, म्हणजे सारा भरणाऱ्याला गावाची मालकी देणारी पद्धत, आली. तलाव मालगुजाराच्या ताब्यात राहिले आणि गावकऱ्यांचे पाण्यावरील निस्तार हक्क, म्हणजे घरगुती वापराचे रूढ हक्क, वाजिब-उल-अर्ज या गावच्या हक्कनोंदीत नोंदले गेले. 1950 च्या कायद्यान्वये मालगुजारी नष्ट झाली व 1951 मध्ये तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जाणे न्याय्यच होते, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. कुळांवर व मजुरांवर तिचे जे ओझे होते ते उतरलेच पाहिजे होते. मात्र मालकाबरोबर पाळ राखण्याची जबाबदारीही लोप पावली आणि तिला नवा वारस नेमला गेला नाही. पूर्व विदर्भातील अशा सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलावांपैकी, ज्यांना लोक आता ‘मामा तलाव’ म्हणतात, कित्येकांत गाळ साचला, काठ बेशरमच्या झुडपांनी वेढले गेले आणि पाणी सोडण्याचे तुडूम नादुरुस्त झाले.

या तुडुमाचे महत्त्व आजच्या संदर्भात विशेष आहे. रोवणीच्या वेळी पाऊस दडी मारतो, पऱ्हे म्हणजे धानाची रोपे वाफ्यातच जून होतात, आणि धान निसवण्याच्या सुमारास पुन्हा ताण पडतो; दोन्ही वेळी तुडुमातून वेळेवर सुटणारे पाणीच पीक तारते. दुसरीकडे, बांधीत सतत पाणी कोंडून ठेवले की चिखलातील हवा संपते आणि तेथील सूक्ष्म जीव मिथेन वायू निर्माण करतात. बांधी आलटूनपालटून भिजवावी व सुकू द्यावी, ही फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसृत केलेली रीत मिथेन मोठ्या प्रमाणात घटविते आणि पाणीही वाचविते. परंतु ज्या शेतकऱ्याला पाण्याची पुढची पाळी वेळेवर मिळेल याचा भरवसा नाही, तो भरलेली बांधी सुकू कशी देईल? तेव्हा हवामानात तग धरणाऱ्या शेतीचा पहिला खर्च पाळीवर, पाटावर आणि तुडुमावरच झाला पाहिजे.

भांडवलाचा ओघ मात्र तिकडे जात नाही. केंद्राच्या 2020 च्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून 2 कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत मिळते. कंपनी कायद्यातील 2002 च्या दुरुस्तीने दहा शेतकरीही एकत्र येऊन उत्पादक कंपनी काढू शकतात. या सोयींचा लाभ गोदामाला व धान गिरणीला सहज होतो, कारण गिरणी तारण ठेवता येते. पाळ सरकारजमा असून ती तारण ठेवू शकेल असा धनीच नसल्यामुळे तिच्यावर सावकारही कर्ज देणार नाही आणि बँकही देणार नाही.

माझ्या मते उपाय गोंड राजांच्या त्या जुन्या ग्वाहीच्या तत्त्वात आहे, जुन्या धन्यात नाही. 2005 च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना मान्यता आहे, ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्था आहेत, सुगंधी चिन्नोर धान पिकविणारे गट आहेत. या तिघांना मिळून एखादा तलाव दीर्घ मुदतीच्या लेखी कराराने द्यावा. पाणीपट्टी, मासळी आणि चिन्नोरच्या विक्रीतून कर्जफेडीचा हिशेब बांधावा. आणि अवर्षणाच्या साली येणारा पहिला तोटा शासनाने हमी म्हणून सोसावा, म्हणजे बाहेरचा गुंतवणूकदार उरलेली जोखीम पत्करावयास धजेल. मात्र कोणत्याही कंपनीची सही होण्यापूर्वी गावाचे निस्तार हक्क आणि ढिवरांचे मासेमारीचे हक्क त्या दस्तऐवजात प्रथम लिहिले गेले पाहिजेत, नाही तर मालगुजारच नव्या नावाने परत येईल.

1883 च्या कायद्याने जमीनसुधारणेसाठी तगाई कर्ज देण्याची तरतूद परक्या सरकारनेही केली होती. जिल्ह्यातील बँकांना माझी विनंती एवढीच आहे की, खरिपाचे पीककर्ज त्या ज्या सवयीने देतात, त्याच सवयीने त्यांनी एका तरी गावाला पाळीच्या दुरुस्तीसाठी कर्ज देऊन पाहावे, आणि ते पुढच्या रोवणीपूर्वी द्यावे.