नेट नसलं तरी फोनला तुमचं लोकेशन कळतं! पण कसं?

पाठीवर एकेक सॅक टाकून मी आणि बायको दोन दिवसांसाठी कोलकात्याला गेलो होतो. खर्च वाचवायचा म्हणून तिच्या सिमवर फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक मारला होता. नेट माझ्या हॉटस्पॉटवर. दोघं सोबतच असणार, मग दोन डेटा पॅक कशाला? हा हिशोब माझाच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकबाजारात आमची चुकामूक झाली. रात्री हावड्याहून परतीची गाडी होती, दोघांची तिकिटं माझ्या फोनमध्ये आणि हॉटस्पॉटमुळे बॅटरी ९ टक्क्यांवर आलेली. तेवढ्यात तिचा फोन आला, "अरे, मी एका पुस्तकाच्या दुकानासमोर उभी आहे." तिथे शेकडो दुकानं आहेत! लाइव्ह लोकेशन पाठवायला तिच्याकडे नेट नव्हतं.

तरी आम्ही भेटलो, कारण ती कुठे आहे हे तिच्या फोनला माहीत होतं.

जीपीएसला नेट लागतं का?

नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत सिग्नल पाठवत असतात. प्रत्येक सिग्नलमध्ये तो नेमका कधी निघाला ती वेळ आणि उपग्रहाची जागा असते. सिग्नल पोहोचायला किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो. किमान चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की तुमची जागा ठरते. यात फोन फक्त ऐकतो, रेडिओसारखा. उपग्रहाला तो काहीच पाठवत नाही.

मग नेट कशाला लागतं?

दोन कामांसाठी. पहिलं म्हणजे नकाशा. फोनला आकडे कळतात, पण गल्ल्यांचं चित्र डाउनलोड करावं लागतं. दुसरं काम वेगाचं. कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती नेटवरून लगेच मिळते. नेट नसेल तर ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि त्याला अर्धा मिनिट किंवा जास्त वेळ लागू शकतो.

मोकळं आकाशही हवं. हावड्याहून एस्प्लनेडला येताना मेट्रो हुगळी नदीच्या खालून जाते, तिथे उपग्रहाचा सिग्नल पोहोचत नाही. अरुंद गल्लीत तो भिंतींवर आपटून येतो आणि निळा ठिपका भरकटतो. म्हणून मी तिला म्हटलं, "गल्लीतून बाहेर ये, ट्रामचे रूळ असलेल्या मोठ्या रस्त्यावर थांब."

आम्ही काय केलं?

लॉजच्या वायफायवर दोघांच्या फोनमध्ये कोलकात्याचा नकाशा आधीच डाउनलोड केला होता. ठिपका स्थिर झाल्यावर तिने त्यावर बोट दाबून धरलं. पिन आली, सोबत दोन आकडे आले: अक्षांश आणि रेखांश. ते तिने मला एसएमएस केले. मी ते मॅपच्या सर्चमध्ये टाकले. ती माझ्यापासून दोनच गल्ल्या पलीकडे होती!

इथे एक काळजी घ्या. आकडे पूर्ण पाठवा. '२२.५७, ८८.३६' एवढंच पाठवलंत तर साधारण एक किलोमीटरची चूक होऊ शकते. दशांश चिन्हानंतर चार आकडे असतील तर ती दहाएक मीटरवर येते.

निघण्याआधी एवढं करा

१. गूगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करून 'ऑफलाइन मॅप्स' उघडा आणि शहराचा भाग सेव्ह करा. दोन्ही फोनमध्ये.

२. ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता मिळतो, पायी जाण्याचा नाही. ठिपका बघत चालायची सवय करा.

३. पिन टाकून आकडे एसएमएस करण्याचा सराव घरीच एकदा करून बघा.

४. तिकिटांचे स्क्रीनशॉट दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.

गाडी मिळाली. डब्यात बसल्यावर बायकोने पहिलं काम काय केलं असेल? स्वतःच्या नंबरवर डेटा पॅक मारला. माझ्या पैशांनी.