बसायला जागा

विद्यापीठाचे ग्रंथालय कशासाठी, असे विचारले तर आपण चटकन म्हणतो, ग्रंथ ठेवण्यासाठी. डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे उत्तर निराळे होते. गणिताचे हे प्राध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ हे वापरासाठी आहेत, हा त्यांतला पहिला. नियम दिसतो साधा. परंतु त्यातून पुष्कळ निघते. ग्रंथ वापरायचे, तर ग्रंथालय वाचकाच्या वाटेवर हवे, त्याच्या सवडीला उघडे हवे, आणि तेथील टेबल-खुर्च्याही सुखाच्या हव्यात. म्हणजे खुर्ची ही चैन नव्हे. ती ग्रंथालयाचे अंगच होय.

दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, अशा घरातील मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. शांतता, उजेड आणि कोणी ‘ऊठ’ म्हणणार नाही अशी जागा त्याला दुसरीकडे कोठे मिळणार? मुले स्वतःचीच पुस्तके घेऊन येऊन बसतात, ग्रंथ मागतच नाहीत, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. बसेनात का! आज जो नुसता बसायला आला, तो उद्या कपाटाकडे वळण्याचा संभव आहे. दारातूनच परत गेलेला कसा वळणार?