संशयित आधी, पुरावा मागाहून

नाशिकजवळ जून 2003 मध्ये एका झोपडीवर दरोडा पडला, खून आणि बलात्कार झाले. वाचलेल्या महिलेने दोनच दिवसांत पोलिसांच्या अल्बममधून चार गुन्हेगारांची छायाचित्रे ओळखली. त्या चौघांचा तपासच झाला नाही! खटला चालला तो भटक्या जमातींतल्या सहा गरीब मजुरांवर.

2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच दिली. 5 मार्च 2019 रोजी मात्र त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले, प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई दिली आणि तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

संशयित ठरवताना अमेरिकेत पूर्वग्रह वर्णावरून चालतो, आपल्याकडे जमातीवरून. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो 1952 मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायची सवय काही गेली नाही. पक्षपात फक्त निकालात शोधू नये. तो बहुधा पहिल्या संशयातच शिरलेला असतो.

कोठडीतल्या कोणालाही 1987 च्या कायद्यानुसार मोफत वकील मिळतो. ओळखीत कोणी अडकले, तर 15100 वर फोन करा.