भरलेल्या पॅलेटवर दुसरं पॅलेट चढवताय? आधी हे वाचा!

भिवंडीच्या गोदामांत पॅलेटवर पॅलेट चढवलेल्या थप्प्या सर्रास दिसतात. या थप्पीचा भार नेमका पेलतं कोण?

युरो पॅलेटचंच घ्या. माप १२०० बाय ८०० मिलिमीटर, वजन साधारण २५ किलो, क्षमता १५०० किलो. थप्पीत सर्वांत खालच्या पॅलेटवर वरून ५५०० किलोपर्यंत भार चालतो. मात्र जमीन सपाट हवी आणि वजन सगळीकडे सारखं हवं.

पण लाकूड टिकलं तरी खालचा माल टिकेलच असं नाही!

🔹 पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद कोपऱ्यांत असते. कोपऱ्यावर कोपरा आला की भार सरळ खाली उतरतो. विटांसारखी सांधेमोड रचना कमी हलते, पण खोकी लवकर दबतात.

🔹 खोकं पॅलेटबाहेर डोकावलं की त्याचे कोपरे अधांतरी. तिथूनच थप्पी कलते.

🔹 स्ट्रेच फिल्म खाली पॅलेटच्या लाकडापर्यंत गुंडाळा. नाहीतर ब्रेक लागताच माल पॅलेटवरून सरकतो.

🔹 पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन मऊ पडतो. थप्पीची उंची कमी ठेवा.

🔹 ट्रकमध्ये जड माल खाली, हलका वर. फटी भरा, पट्टे आवळा.

खालचं खोकं फुगलेलं किंवा थप्पी कललेली दिसली, तर हाताने सावरायला जाऊ नका. आधी माणसं लांब करा, मग सुपरवायझरला बोलवा. माल परत भरता येतो, माणूस नाही.

गोदामात काम करणाऱ्या मित्रांना ही पोस्ट नक्की पाठवा. 🙏