इंग्लिश रग्बी लीग : विजेता गुणतक्त्याचा की अंतिम सामन्याचा?

वर्षभर सातत्याने जिंकणारा संघ विजेता मानावा, की हंगामाच्या अखेरच्या एका सामन्यात सरस ठरणारा? इंग्लंडमधील रग्बी लीगने गेल्या शतकभरात या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले आहे. या खेळातील अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांचा इतिहास म्हणजे त्या बदलांचाच इतिहास होय.

या खेळाचा उगम कामगारांच्या प्रश्नातून झाला. सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूंना द्यावी, ही उत्तर इंग्लंडमधील क्लबांची मागणी रग्बीच्या मूळ संघटनेने अमान्य केली. परिणामी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात 'नॉर्दर्न युनियन' ही स्वतंत्र संघटना स्थापन झाली. पंधराऐवजी तेरा खेळाडूंचा संघ ही या खेळाची ओळख १९०६ मध्ये निश्चित झाली.

प्रारंभी गुणतक्त्यात अग्रस्थानी राहणारा संघच विजेता ठरत असे. मॅनिंगहॅम हा पहिल्या हंगामाचा मानकरी होता. पुढे दोन विभाग एकत्र करण्यात आले, तेव्हा सर्व क्लबांना परस्परांशी खेळणे शक्य राहिले नाही. सामन्यांची संख्या असमान असल्याने क्रमवारी टक्केवारीवर लावावी लागली. अशा तक्त्यावर विजेतेपद सोपविणे न्याय्य नव्हते. म्हणून १९०६-०७ च्या हंगामापासून पहिल्या चार संघांमध्ये बाद फेरी सुरू झाली. १९०७ च्या पहिल्या अंतिम सामन्यात हॅलिफॅक्सने ओल्डहॅमचा १८-३ असा पराभव केला.

चॅलेंज कप या दुसऱ्या प्रमुख स्पर्धेचा अंतिम सामना १९२९ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर गेला. अजिंक्यपदाचा सामना मात्र उत्तरेतच राहिला. १९६० मध्ये ब्रॅडफर्डच्या ओड्सल मैदानावर विगनने वेकफील्ड ट्रिनिटीला २७-३ असे नमविले, तेव्हा ८३,१९० प्रेक्षक उपस्थित होते.

१९६४-६५ पासून बाद फेरी सोळा संघांची झाली आणि तक्त्यातील स्थानाचे मोल घटले. १९७३ मध्ये आठव्या क्रमांकावरील ड्यूस्बरीने लीड्सला २२-१३ असे हरवून अजिंक्यपद पटकावले. त्यानंतर दोन विभागांची पद्धत परत आली आणि अजिंक्यपद पुन्हा तक्त्याकडे गेले. हंगामाच्या अखेरीस 'प्रीमियरशिप' ही बाद स्पर्धा १९९७ पर्यंत होत राहिली. परंतु तिचा विजेता हा लीगचा विजेता नसे.

१९९६ मध्ये 'सुपर लीग' सुरू झाली आणि हिवाळ्यातील हा खेळ उन्हाळ्यात आला. १९९८ पासून विजेतेपदाचा निर्णय 'ग्रँड फायनल'मध्ये होऊ लागला. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरील पहिल्या सामन्यात विगनने लीड्सवर १०-४ अशी मात केली. २०२० मध्ये कोरोना साथीमुळे हा सामना हल शहरात प्रेक्षकांविना झाला. बरोबरीत चाललेल्या त्या लढतीत अखेरच्या क्षणी चेंडू गोलखांबाला लागून परतला आणि सेंट हेलन्सच्या जॅक वेल्सबीने त्यावर झडप घालून ८-४ असा विजय मिळवून दिला.

या पद्धतीने मूळ वाद मात्र मिटविला नाही. लीड्सने २०११ व २०१२ मध्ये पाचव्या क्रमांकावरून विजेतेपद मिळविले. २०१७ मध्ये कॅसलफर्ड दुसऱ्या क्रमांकाच्या लीड्सपेक्षा १० गुणांनी पुढे होता. अंतिम सामन्यात त्याच लीड्सने त्याला २४-६ असे हरविले. या उलट, २०२५ मध्ये हल किंग्स्टन रोव्हर्सने तक्त्यात अग्रस्थान राखले आणि विगनला २४-६ असे पराभूत करून ग्रँड फायनलही जिंकली.

तक्ता सातत्याची परीक्षा घेतो, तर अंतिम सामना दडपणाखालील कामगिरीची. तक्त्यातील अग्रस्थानासाठी आज स्वतंत्र ढाल दिली जाते. परंतु विजेता म्हणून नोंद होते ती शेवटचा सामना जिंकणाऱ्याचीच.